निकेल फेराइट आणि निफेडिपिनचे ॲनालॉग: एका प्रोजेक्टमधल्या दोन रचना सिद्ध कशा करायच्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. सोल-जेल ऑटोकम्बशनने (द्रावणाची जेल करून ती पेटवून) निकेल फेराइट, म्हणजे निकेल आणि लोहाचं चुंबकीय ऑक्साइड, बनवायचं, त्याचं एक्सआरडी (एक्स-रे डिफ्रॅक्शन, स्फटिकाची रचना ओळखण्याची चाचणी) करायचं, आणि तीच पावडर कॅटॅलिस्ट (प्रक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) म्हणून वापरून रक्तदाबावरच्या निफेडिपिन या औषधासारखी डायहायड्रोपिरिडिन संयुगं, म्हणजे त्याचे ॲनालॉग, तयार करायची. एक्सआरडीच्या ग्राफवरून नेमकं काय म्हणता येतं, ॲनालॉग कोणते निवडावेत आणि तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक कुठे अडवतात, हे विचारलं आहे.

मी आधी ऑक्साइडवर काम केलं आणि नंतर बरीच वर्षं औषधांच्या प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये काढली, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते. असे प्रोजेक्ट आपल्याकडे खूप होतात. त्यातला बनवण्याचा भाग अवघड नाही. बीकरमधली जेल पेटली की पावडर मिळते, फ्लास्क गार झाला की पिवळे खडे खाली बसतात. आपण म्हणतो तेच आणि तेवढंच बनलं आहे, हे दाखवणं अवघड असतं. परीक्षक अडवतात तेही तिथेच, आणि माझ्या मते बरोबर अडवतात.

फेराइटपासून सुरुवात करू. त्याची रचना स्पिनेल प्रकारची असते. स्पिनेलची रचना १९१५ मध्ये उलगडली. इंग्लंडमध्ये ब्रॅग यांनी मॅग्नेटाइट घेऊन ती काढली, जपानमध्ये शोजी निशिकावांनी स्वतंत्रपणे. एका युनिट सेलमध्ये (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका घनात) ३२ ऑक्सिजन दाटीने रचलेले असतात. त्यांच्यामध्ये ६४ टेट्राहेड्रल (चार ऑक्सिजनच्या मधल्या) आणि ३२ ऑक्टाहेड्रल (सहांच्या मधल्या) जागा तयार होतात. धातूचे आयन त्यांतल्या फक्त ८ टेट्राहेड्रल आणि १६ ऑक्टाहेड्रल जागा भरतात, बाकीच्या रिकाम्या राहतात. निकेल फेराइटमध्ये निकेल ऑक्टाहेड्रल जागेत बसतं आणि लोह दोन्हीकडे निम्मं-निम्मं वाटलं जातं. याला इन्व्हर्स स्पिनेल म्हणतात. झिंक फेराइटमध्ये उलट असतं, तिथे झिंक टेट्राहेड्रल जागा धरतं.

आता ग्राफ हातात आला की सॉफ्टवेअरने 'मॅच' दाखवलं म्हणून थांबू नका. एकदा तरी कागदावर हिशोब करा. यंत्रातल्या कॉपर के-अल्फा एक्स-रेची तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम. निकेल फेराइटचं जालक स्थिरांक (युनिट सेलच्या बाजूची लांबी) ८.३३९ अँगस्ट्रॉम धरलं, तर (२२०) या स्फटिकातल्या थरांचं पीक ३०.२९ अंशांवर, (३११) चं ३५.६८ वर, (४००) चं ४३.३७ वर, (५११) चं ५७.३७ वर आणि (४४०) चं ६३.०१ वर यायला हवं. हे सगळे टू-थीटा, म्हणजे ग्राफच्या आडव्या अक्षावरचे कोन आहेत. प्रत्येकाचा अर्धा कोन घेऊन त्याच्या साइनचा वर्ग काढा आणि अनुक्रमे ८, ११, १६, २७ आणि ३२ ने (कंसातल्या तीन आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेने) भागा. प्रत्येक वेळी ०.००८५३ च्या जवळ आकडा आला, तर घनाकार जालक आणि स्पिनेलचा क्रम दोन्ही जुळले. एखादं पीक या क्रमात बसलं नाही तर ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे. ३३.१५ अंशांवर बारीकसा उंचवटा दिसला तर बहुतेक हेमाटाइट (साधं फेरिक ऑक्साइड) आहे, म्हणजे सगळं लोह फेराइटमध्ये गेलेलं नाही.

इथपर्यंत बहुतेक सगळे पोहोचतात. पुढची अडचण मात्र निकेल फेराइटची खास आहे आणि ती फार थोड्या प्रबंधांत नोंदलेली दिसते. निकेल ऑक्साइडचं जालक स्थिरांक ४.१७७ अँगस्ट्रॉम आहे. त्याची दुप्पट करा: ८.३५४. फेराइटच्या ८.३३९ ला जवळजवळ चिकटून! त्यामुळे निकेल ऑक्साइडचं (१११) फेराइटच्या (२२२) खाली लपतं, (२००) हे (४००) खाली लपतं आणि (२२०) हे (४४०) खाली. नॅनो आकाराच्या पावडरची पीक रुंद असतात, त्यांत पाव अंशाचाही फरक कळत नाही, आणि इथे फरक एक-दशांश अंशाचा आहे. तुमच्या नमुन्यात निकेल ऑक्साइड वेगळं पडलेलं असलं, तरी ग्राफ 'शुद्ध सिंगल फेज', म्हणजे एकाच पदार्थाचा, दिसेल.

भरीला मॅगहेमाइट आहे, म्हणजे गॅमा फेरिक ऑक्साइड. त्याचीही रचना स्पिनेलसारखीच, स्थिरांक ८.३४६ च्या आसपास, आणि (३११) चं पीक ३५.६५ अंशांवर. म्हणजे निकेल ऑक्साइड आणि मॅगहेमाइट यांचं साधं मिश्रण तुमच्या ग्राफवर निकेल फेराइट म्हणून सहज खपून जाईल. आयसीपी (धातूंचं प्रमाण मोजणारी चाचणी) केलं तरी निकेल आणि लोह यांचं प्रमाण १:२ च येणार, कारण ते तुम्हीच मोजून घातलेलं आहे.

यावर उपाय आहेत. पहिला फुकटचा: पिकांची उंची बघा. शुद्ध निकेल फेराइटमध्ये (४००) हे (२२०) पेक्षा थोडं बुटकं असतं. निकेल ऑक्साइड लपलेलं असेल तर (४००), (२२२) आणि (४४०) फुगतात, तर (२२०), (४२२) आणि (५११) जागच्या जागी राहतात. (४००) ने (२२०) ला मागे टाकलं असेल तर शंका घ्या. दुसरा उपाय: थोडी पावडर ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास ठेवा आणि एक्सआरडी पुन्हा घ्या. मॅगहेमाइट तापवल्यावर हेमाटाइटमध्ये बदलतं, मग ३३.१५ चं पीक वर येतं. ही चाचणी थेट ९०० अंशांवर करू नका. तिथे निकेल ऑक्साइड आणि फेरिक ऑक्साइड एकमेकांशी प्रक्रिया करून फेराइट होऊ लागतात आणि तुमचा पुरावाच नाहीसा होतो. तिसरा उपाय रिटवेल्ड रिफाइनमेंट, म्हणजे रचनेवरून काढलेला ग्राफ मोजलेल्या पूर्ण ग्राफशी जुळवणं. ही पद्धत ह्यूगो रिटवेल्ड यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी नेदरलँड्समध्ये न्यूट्रॉनच्या पावडर पॅटर्नसाठी काढली आणि नंतर ती एक्स-रेसाठी सगळीकडे रूढ झाली. त्यासाठीचं फुलप्रॉफ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात दोन फेज घालून बघा आणि एका फेजच्या फिटशी तुलना करा.

मग टेट्राहेड्रल जागेत किती निकेल, ऑक्टाहेड्रलमध्ये किती, हा तक्ता कॉपरच्या एक्स-रेवरून देऊ नका. एक्स-रे इलेक्ट्रॉनवरून विखुरतात. निकेलच्या आयनात २६ इलेक्ट्रॉन आहेत, फेरिक आयनात २३. एवढ्याशा फरकावरून वाटणी दोन दशांशांपर्यंत सांगणं मला पटत नाही, कितीही पेपरांत तसं छापलेलं असो. वाटणी हवीच असेल तर मॉसबाउअर स्पेक्ट्रोस्कोपी (गॅमा किरणांनी लोहाची जागा ओळखणं) किंवा न्यूट्रॉन डिफ्रॅक्शन. आपल्याकडे न्यूट्रॉनचं काम ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर होतं, पण एम.एस्सी.च्या मुदतीत ते बसणार नाही. तुमच्या आवाक्यातला अप्रत्यक्ष पुरावा म्हणजे चुंबकत्व. नेल यांच्या मॉडेलप्रमाणे दोन्ही जागांवरच्या लोहाचं चुंबकत्व एकमेकांना रद्द करतं आणि उरतात निकेलचे दोन एकटे इलेक्ट्रॉन. त्याचा हिशोब ग्रॅममागे साधारण ४८ ईएमयू (चुंबकत्वाचं एकक) होतो. व्हीएसएममध्ये (चुंबकत्व मोजण्याच्या यंत्रात) यापेक्षा बराच कमी आकडा आला तर घाबरू नका, बारीक कणांत पृष्ठभागावरचे स्पिन विस्कटलेले असतात. पण फारच कमी आला तर वरचा निकेल ऑक्साइडचा मुद्दा आठवा.

कणांच्या आकाराबद्दलही एक सांगते. पिकाच्या रुंदीवरून आकार काढणारं शेरर समीकरण १९१८ चं आहे आणि साधं आहे, म्हणून त्याचा गैरवापरही खूप होतो. समजा (३११) ची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.५ अंश आहे. सरळ घातलं तर उत्तर १६.७ नॅनोमीटर. पण यंत्राची स्वतःची रुंदी असते. ती ०.१ अंश धरून सरळ वजा केली तर २०.९, आणि वर्गांची वजाबाकी केली तर १७.०. एकाच पिकाला तीन उत्तरं! म्हणून प्रबंधात '१६.६९ नॅनोमीटर' असं लिहू नका. 'सुमारे १७ ते २१' लिहा, कोणती दुरुस्ती केली ते सांगा, आणि हा स्फटिकाचा आकार आहे, कणाचा नाही, हेही लिहा. एका कणात असे अनेक स्फटिक चिकटलेले असू शकतात.

जालक स्थिरांकाचंही तसंच. होल्डरमध्ये पावडर भरताना पृष्ठभाग ०.१ मिलिमीटर खाली राहिला आणि यंत्राची त्रिज्या २०० मिलिमीटर असली, तर (३११) चं पीक सुमारे ०.०५ अंशाने डावीकडे सरकतं आणि स्थिरांक ०.०१२ अँगस्ट्रॉमने जास्त येतो. डोपिंगमुळे (दुसरा धातू थोडा मिसळल्याने) जालक फुगलं म्हणून जे आलेख दाखवले जातात, त्यांतले कित्येक बदल एवढेच असतात. पावडर काचेच्या पट्टीने होल्डरच्या कडेशी सपाट करा, आणि जमल्यास थोडं सिलिकॉन मिसळून त्याच्या पिकांवरून कोन दुरुस्त करा. शिवाय कॉपरच्या नळीने लोह चमकतं आणि पार्श्वभूमी वर येते, म्हणून सावकाश स्कॅन मागा. कोबाल्टची नळी मिळत असेल तर फारच छान. आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या, बाहेरच्यांचे नमुने तपासणाऱ्या केंद्राकडे नमुना पाठवताना फॉर्मवर हे स्पष्ट लिहा, नाहीतर घाईचा स्कॅन मिळतो.

आता सेंद्रिय भागाकडे येते.

आर्थर हॅन्ट्झ्श यांनी १८८१-८२ मध्ये ही प्रक्रिया मांडली: एक ॲल्डिहाइड, दोन अॅसिटोअॅसिटेट एस्टर, एक अमोनिया, आणि जाताना पाण्याचे तीन रेणू. मिळतं ते १,४-डायहायड्रोपिरिडिन. औषध म्हणून त्याचं महत्त्व जवळजवळ शतकभरानंतर कळलं. बायर कंपनीत निफेडिपिन तयार झालं आणि १९७० च्या दशकाच्या मध्यावर बाजारात आलं. पेशीत कॅल्शियम शिरण्याची वाट ते अडवतं, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. आज घरोघरी दिसणारं अम्लोडिपिन याच कुटुंबातलं.

प्रोजेक्टमध्ये ॲनालॉग निवडताना सहसा असं होतं की कपाटात जे ॲल्डिहाइड आहेत ते घेतले जातात: ४-क्लोरो, ४-मेथॉक्सी, ४-नायट्रो, ४-मेथिल. म्हणजे फिनाइल कड्याच्या पॅरा जागी (जोडाच्या बरोबर समोर) सगळे बदल. आणि डायहायड्रोपिरिडिनमध्ये नेमके पॅरा जागेवरचे बदलच औषधी परिणाम कमी करतात! बाजारातली औषधं बघा. निफेडिपिनमध्ये नायट्रो ऑर्थो जागी (जोडाच्या लगत), अम्लोडिपिनमध्ये क्लोरीन ऑर्थो जागी, फेलोडिपिनमध्ये २ आणि ३ वर क्लोरीन, निमोडिपिन आणि निकार्डिपिनमध्ये नायट्रो मेटा जागी (त्याच्या पुढच्या). 'हा ॲनालॉग का बनवला?' या प्रश्नाला 'ॲल्डिहाइड उपलब्ध होतं' हे उत्तर चालत नाही. पॅरा घ्यायचाच असेल तर तुलनेसाठी एक घ्या आणि तसं लिहा. बाकी ऑर्थो आणि मेटा ठेवा. चारच संयुगं करा, पण त्यांतून एक प्रश्न विचारला जाऊ द्या.

आणि त्या प्रश्नाचं उत्तर स्फटिकरचनेतच आहे, म्हणून हा विषय मला इतका आवडतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या बफेलोच्या डेव्हिड ट्रिगल यांच्या गटाने निफेडिपिनच्या ॲनालॉगच्या सिंगल क्रिस्टल रचना काढल्या. डायहायड्रोपिरिडिनचं कडं सपाट नसतं, ते होडीसारखं थोडं वाकलेलं असतं आणि फिनाइल कडं त्यावर जवळजवळ काटकोनात उभं राहतं. कडं जितकं सपाटीकडे झुकलेलं, तितका परिणाम जास्त, असा संबंध त्यांना दिसला. फिनाइलवर कुठला गट कुठे आहे यावर हे वाकणं अवलंबून असतं. तुमच्या हातात एक ऑर्थो आणि एक पॅरा संयुग असेल आणि दोन्हींचे चांगले स्फटिक मिळाले, तर हेच वाकणं तुम्ही स्वतः मोजू शकता. शुद्ध संयुग इथेनॉलमध्ये विरघळवा, गाळा, छोट्या व्हायलला भोकं पाडलेलं फॉइल लावा आणि हलवू नका. दोन-तीन दशांश मिलिमीटरचा स्वच्छ खडा पुरतो. २-नायट्रो संयुगाचा फ्लास्क मात्र पहिल्यापासून ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, व्हायलही अंधारातच ठेवा. निफेडिपिन उजेडात टिकत नाही: नायट्रोचा नायट्रोसो होतो आणि कडं पिरिडिन बनतं.

एनएमआरमध्ये (रेणूतले हायड्रोजन आणि कार्बन ओळखणाऱ्या चाचणीत) बघायची मुख्य गोष्ट ही: ५ पीपीएमच्या आसपास एका प्रोटॉनचं सिंगलेट, म्हणजे चौथ्या कार्बनवरचा हायड्रोजन. ऑर्थो-नायट्रोमध्ये ते आणखी डावीकडे, साडेपाचच्या पुढे जातं. मेथिल एस्टरचे सहा प्रोटॉन ३.६ च्या जवळ, कड्यावरच्या दोन मेथिलचे सहा २.३ च्या जवळ, आणि एनएचचं रुंद सिग्नल. कार्बन एनएमआरमध्ये चौथा कार्बन ४० च्या अलीकडे येतो. संयुगाचं ऑक्सिडेशन होऊन पिरिडिन बनलं असेल तर हे सिंगलेट नाहीसं होतं आणि मास स्पेक्ट्रममध्ये वस्तुमान दोनाने उतरतं. टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) हे दोघे जवळ जवळ धावू शकतात, तेव्हा एका डागावर विसंबू नका.

नायट्रेंडिपिनसारखं दोन वेगळे एस्टर असलेलं संयुग करायचा मोह होईल. त्यासाठी सगळं एकाच भांड्यात टाकू नका, तीन उत्पादनांचं मिश्रण मिळेल. आधी ॲल्डिहाइड आणि एक एस्टर यांचं क्नोव्हेनागेल उत्पादन (दोन्ही जोडून, पाणी जाऊन बनणारं संयुग) वेगळं करा, मग दुसऱ्या एस्टरचं अमिनोक्रोटोनेट घाला. तेव्हा चौथा कार्बन कायरल होतो आणि रेसिमिक (एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या दोन रूपांचं समसमान) मिश्रण मिळतं, हेही प्रबंधात लिहा.

आता दोन्ही भागांचा सांधा, म्हणजे 'फेराइट कॅटॅलिस्ट आहे' हे विधान. परीक्षक इथे अडवतीलच. हॅन्ट्झ्श प्रक्रिया रिफ्लक्सिंग (उकळत्या) इथेनॉलमध्ये कॅटॅलिस्ट नसतानाही होते. त्यामुळे त्याच फ्लास्कमध्ये, त्याच तापमानाला, तेवढाच वेळ, फेराइट न घालता एक प्रयोग हवाच. तो नसेल तर ९० टक्के यिल्डचाही काही अर्थ नाही. दुसरा प्रयोग: प्रक्रिया अर्ध्यावर असताना गरम गाळून पावडर काढा आणि गाळलेलं द्रव पुढे तापवत ठेवा. वेग फेराइटविना केलेल्या प्रयोगाइतका मंदावला तर काम पावडरच्या पृष्ठभागावर होत होतं. मंदावला नाही तर निकेल किंवा लोह विरघळून द्रावणात आलं आहे. अमोनियासाठी घातलेल्या अमोनियम ॲसिटेटच्या सहवासात हे शक्य आहे आणि औषधाच्या रेणूत निकेलचा अंश कुणालाच नको असतो. तिसरं, वापरून झालेल्या पावडरचं एक्सआरडी पुन्हा करा. 'पाच वेळा वापरता आलं' असं लिहायचं असेल तर पाचव्यानंतरचा ग्राफ पहिल्याच्या खाली छापा.

आणखी एक व्यवहारातली गोष्ट: फेराइट चुंबकीय आहे, मॅग्नेटिक स्टररच्या दांडीला ते चिकटून बसतं आणि द्रावणात विखुरतच नाही. वरून फिरणारा मेकॅनिकल स्टरर लावा. ऑटोकम्बशन करताना नायट्रेट-सायट्रिक ॲसिडची जेल क्षणात पेट घेते, तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. बीकर द्रावणाच्या कित्येक पट मोठा घ्या, फ्यूम हूडची काच खाली ओढा, एका वेळी थोडंच करा. निकेलचे क्षार कर्करोगकारक आहेत, तेव्हा हातमोजे आणि पावडर खलताना मास्क या दोन्हींत सूट नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण पुढे कंपनीत मुलाखत देणार असाल तर हे माहीत हवं. सेंद्रिय संयुगाचंही पावडर एक्सआरडी करा. एकच रेणू वेगवेगळ्या रचनेत स्फटिकरूप होऊ शकतो आणि मग त्याची विद्राव्यता बदलते. ॲबट कंपनीचं एचआयव्हीवरचं रिटोनाविर १९९६ मध्ये बाजारात आलं आणि १९९८ मध्ये त्याचं दुसरं, कमी विरघळणारं स्फटिकरूप अचानक उत्पादनात दिसू लागलं. कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. आपल्या देशात तर स्फटिकरूपावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. कर्करोगावरच्या इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिकरूपासाठी नोव्हार्टिसने मागितलेलं पेटंट न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नाकारलं. पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) प्रमाणे माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप, त्यात पॉलिमॉर्फही (एकाच पदार्थाची वेगळी स्फटिकरूपं) आले, त्याचा उपचारातला परिणाम वाढल्याचं दाखवल्याशिवाय पेटंटयोग्य ठरत नाही. रुग्णांच्या बाजूने मला तो निकाल फार मोलाचा वाटतो. तुमच्या संयुगाची सिंगल क्रिस्टल रचना मिळाली तर केंब्रिजच्या मर्क्युरी या मोफत प्रोग्रॅममध्ये तिच्यावरून पावडर पॅटर्न काढा आणि फ्लास्कमधल्या सगळ्या मालाच्या पॅटर्नशी ताडून बघा. एक खडा एका रूपाचा आणि उरलेला ढीग दुसऱ्याचा, असं होतं.

नमुने पाठवण्याचा क्रम असा ठेवा. फेराइटचं एक्सआरडी सगळ्यांत आधी, कारण त्यात दोष निघाला तर पुढचं सगळं पुन्हा करावं लागेल. ते येईपर्यंत कॅटॅलिस्टविना होणारा हॅन्ट्झ्शचा प्रयोग उरकून घ्या, त्यातच पहिलं संयुग हाती येईल आणि एनएमआरलाही तेच पाठवता येईल. ६०० अंशांची चाचणी आणि व्हीएसएम त्यानंतर. स्फटिक वाढायला ठेवलेल्या व्हायल मात्र पहिल्या दिवसापासून एका कपाटात, नाव आणि तारीख घालून, कुणाचा धक्का लागणार नाही अशा ठेवा. एक्सआरडीचा ग्राफ आल्यावर (२२०) आणि (४००) च्या उंचीचे आकडे इथे लिहिलेत तर मी बघून सांगेन.